सीमाभागातले ड्रोन फोटो: कुठे काढावेत, कुणाला दाखवावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात ड्रोन आता फक्त लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे राहिलेला नाही. शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुलं, रजेवर घरी आलेले जवान, असे कितीतरी जण हौसेनं उडवतात. फोटो निघतात, मेमरी कार्डात साठतात आणि मग प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो: हे दाखवायचे कुणाला? त्याभोवती जे जे विचारलं जातं ते इथे एकत्र मांडलंय. नियमांची माहितीही घेतली आहे, कारण नको तिथे काढलेला फोटो कुठेच दाखवता येत नाही.

फोटो टाकायला सगळ्यात चांगली जागा कोणती?

तुम्हाला त्या फोटोतून काय हवंय, त्यावर ते ठरतं. तंत्र सुधारायचं असेल तर दूरची, जगभरातली मंडळी उपयोगी पडतात. क्षितिज तिरकं गेलंय, ढग पांढरेफट्ट उडालेत, सावली हिरवट आलीय, हे ते नेमकं सांगतात. पण जांबोटीकडच्या भातखाचरांचा फोटो त्यांच्यासाठी फक्त एक हिरवी नक्षी असते. तोच फोटो खानापूर तालुक्यातल्या माणसानं पाहिला की तो सांगतो, हा बांध अमक्याचा, पाणी त्या नाल्यातून येतं, आणि कोपऱ्यातला तांबडा चौकोन म्हणजे नवी वीटभट्टी.

माझं मत स्पष्ट आहे. आधी जवळच्या माणसांत दाखवा, मग बाहेर. ज्या शिवारावर ड्रोन फिरला तिथल्या लोकांनी फोटो पाहिला, ओळखला, त्यातली नावं सांगितली, की तो फोटो भरतो. मग तो जगात कुठेही टाका, त्याला सांगण्यासारखं काहीतरी असतं.

ही जवळची माणसं शोधायची कशी?

ड्रोनच्या नावानं शोधलंत तर थोडीच सापडतील. जागेच्या नावानं शोधा. राजहंसगड, वल्लभगड, पलीकडे चंदगड तालुक्यातले महिपाळगड, पारगड आणि कलानिधीगड, इथे नेमानं जाणाऱ्या दुर्गप्रेमींचे आणि ट्रेकर्सचे गट असतात. त्यांच्यात एखाद्याकडे तरी ड्रोन असतोच आणि बाकीच्यांना तो फोटो बघायची खरी भूक असते. पक्षी बघणारे, सायकलवाले, गावाच्या इतिहासाची कागदपत्रं जमवणारे, यांच्या ग्रुपांतही हेच.

दुसरं दार म्हणजे लग्नाचे व्हिडिओग्राफर. त्यांचा धंदा वेगळा असला तरी बॅटरी कुठे मिळते, कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल कोण दुरुस्त करतो, कुठल्या गावात अडचण येते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. लग्नसराई संपली की त्यांनाही निवांत गप्पा मारायला वेळ असतो. तिसरं, इंजिनिअरिंगची मुलं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात आहे आणि आसपासच्या कॉलेजांत स्वतःचा ड्रोन जोडणारे विद्यार्थी सापडतात. त्यांना उडवणं येतं, फोटो कमी जमतो. तुमचं उलट असेल तर जोडी छान जमते.

इन्स्टाग्रामवर हॅशटॅगपेक्षा ठिकाणाच्या नावावर जा. ‘गोकाक फॉल्स’ किंवा ‘जांबोटी’ हे ठिकाण उघडलं की तिथून टाकलेले फोटो दिसतात. त्यात वरून काढलेला एखादा फोटो दिसला की त्या माणसाला नीट काहीतरी विचारा. ‘हा फोटो सकाळचा का? धुकं किती वाजेपर्यंत होतं?’ असा एक खरा प्रश्न ओळख करून देतो. ‘ग्रुपात घ्या’ एवढाच मेसेज टाकला तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

शोधताना गावाची सगळी रूपं टाइप करा. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, मराठी माणूस बेळगाव लिहितो, जुन्या इंग्रजी रूपानंही पुष्कळ फोटो टाकलेले आहेत. देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत शोधल्याशिवाय निम्मे लोक दिसतच नाहीत.

स्वतःचा छोटा ग्रुप काढावा का?

काढा, पण ओळखीच्यांपासून सुरू करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात, म्हणून ती भरायला हवीत असं नाही. दहा-पंधरा जण जे खरोखर फोटो टाकतात आणि दुसऱ्याच्या फोटोवर दोन वाक्यं लिहितात, त्यांचा ग्रुप टिकतो. ‘शुभ सकाळ’ आणि फॉरवर्ड बंद, फोटोसोबत तारीख आणि गाव लिहायचं, एवढे दोन नियम पहिल्या दिवशी सांगून ठेवा. पुढे सांगायला गेलात तर माणसं दुखावतात.

जगभरातल्या मोठ्या ठिकाणांपैकी कोणती कामाची?

फ्लिकर २००४ पासून आहे आणि फोटो शांतपणे बघणारी माणसं अजून तिथे आहेत. मोफत खात्यात १,००० फोटो ठेवता येतात, शटर आणि आयएसओची माहिती फोटोखाली दिसते. शिकण्यासाठी हे सोन्यासारखं आहे. रेडिटवर ड्रोनचे आणि डीजेआय या ड्रोन कंपनीचे वेगवेगळे विभाग आहेत. तिथे उपकरणाच्या अडचणींची उत्तरं पटकन मिळतात, फोटोवर मात्र दोनच दिवस नजर राहते. स्कायपिक्सेल हे डीजेआयनंच चालवलेलं हवाई छायाचित्रांचं व्यासपीठ आहे. इतर देशांतल्या लोकांनी भातशेती, खाड्या, धबधबे कसे टिपले ते बघायला तिथे जरूर जा. फेसबुकचे ग्रुप खरेदी-विक्रीनं भरलेले असतात, त्यामुळे आत गेल्यावर आधी आठवडाभर नुसतं वाचावं.

इन्स्टाग्राम टाळता येत नाही, कारण आपली माणसं तिथेच आहेत. ड्रोनचा फोटो आडवा असतो आणि मोबाइलच्या उभ्या पडद्यावर तो चिंचोळ्या पट्टीएवढा होतो. ४:५ अशा उभ्या चौकटीत तो कापून बघा. उडवतानाच ही चौकट डोक्यात ठेवली तर नंतर कापताना जीव हळहळत नाही.

विकिमीडिया कॉमन्सचं नाव अधूनमधून ऐकू येतं. हौशी माणसाला त्याचा उपयोग काय?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच. विकिपीडियावरच्या लेखांत जे फोटो दिसतात ते बहुतांशी कॉमन्सवर ठेवलेले असतात. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यावर आपल्या भागातल्या एकेका गावाचं, नदीचं, किल्ल्याचं पान उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी फोटोच नाही, किंवा आहे तो रस्त्याकडेच्या पाटीचा. वरून काढलेला एक नीट फोटो तिथे जे काम करतो ते हजार लाइक मिळवणाऱ्या रीलला जमत नाही. गडाचा आकार कळतो, नदी गावाला कुठून वळसा घालते ते कळतं, शाळेतल्या पोराला प्रकल्पासाठी चित्र मिळतं. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा सगळ्या विकिपीडियांत तोच फोटो लावता येतो.

इथे फोटो टाकताना मुक्त परवाना द्यावा लागतो. म्हणजे तुमचं नाव देऊन कुणीही तो वापरू शकतो, अगदी पुस्तकात किंवा व्यवसायासाठीसुद्धा, आणि हा परवाना मागे घेता येत नाही. जो फोटो पुढे विकायचा विचार आहे तो इथे टाकू नका. बाकीच्यांपैकी चांगले निवडून जरूर टाका. वर्णनात गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कुठल्या दिशेनं पाहतोय, हे सगळं लिहा. ‘विकी लव्ह्‌ज मॉन्युमेंट्स’ ही वारशाच्या वास्तूंच्या छायाचित्रांची स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि पुढे भारतानंही तीत भाग घेतला. ती सहसा सप्टेंबरात असते.

इमारती आणि सार्वजनिक ठिकाणी कायमचे उभारलेले पुतळे यांचे फोटो काढून प्रसिद्ध करायला भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार मुभा आहे. ड्रोन उडवायची परवानगी हा वेगळा विषय, तो पुढे आहे.

वर्णन मराठीत लिहावं, कन्नडात की इंग्रजीत?

मराठीत लिहा आणि खाली एक ओळ कन्नडात द्या. आपल्या शेजारी, बाजारात, ऑफिसात दोन्ही भाषा चालतात, मग फोटोखाली का नकोत? कन्नड लिहिता येत नसेल तर ओळखीच्या कुणाकडून लिहून घ्या. यंत्रानं केलेल्या भाषांतरात वाड्यांची आणि नाल्यांची नावं हमखास मोडतात. बाहेरच्या व्यासपीठांवर इंग्रजीत दोन वाक्यं पुरे.

फोटोखाली सीमावादावर भांडण सुरू होतं. काय करावं?

हे आपल्याकडे होतंच. सीमाप्रश्न १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा आहे, महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि इथल्या घराघरांत त्याच्या आठवणी आहेत. तो कुणी हलक्यात घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण मलप्रभेच्या उगमाचा फोटो टाकल्यावर खाली दोन अनोळखी माणसं एकमेकांच्या भाषेला शिव्या देत असतील, तर ज्यानं त्या फोटोत आपलं गाव ओळखलं तो माणूस गप्प बसतो. ग्रुप चालवणाऱ्यानं शिवीगाळ ताबडतोब काढावी, दोन्ही बाजूंची काढावी, आणि तसं स्पष्ट लिहावं. फोटोच्या वर्णनात चिथावणारं काही घालू नये. आपल्या ग्रुपात कन्नड बोलणारे, कोकणी बोलणारे, दखनी उर्दू बोलणारे मित्र असू द्या. एकाच नदीकाठचे फोटो आहेत सगळ्यांकडे.

ड्रोनची नोंदणी आणि लायसन्स लागतं का?

देशभर ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. वजनावर वर्ग ठरतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. हौशी माणसाचा संबंध या दोघांशीच येतो. ड्रोनची नोंदणी करून त्याचा विशिष्ट ओळख क्रमांक घ्यायचा असतो आणि छोटा नॅनो ड्रोनही यातून सुटत नाही. नॅनोला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता, लागत नाही, मायक्रोला लागते. रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे उडवणाऱ्याचं लायसन्स, नॅनोसाठी लागत नाही, आणि मायक्रो बिगरव्यावसायिक वापरासाठी असेल तरीही नाही. मायक्रोनं पैसे घेऊन शूटिंग केलंत की लागतं.

२४९ ग्रॅमचा ड्रोन घेऊन त्यात मोठी बॅटरी किंवा वर प्रॉपेलर गार्ड लावले तर वजन २५० च्या पुढे जातं आणि वर्ग बदलतो. विकत घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे दुकानात दिसणाऱ्या परदेशी ड्रोनचं बिल आणि वॉरंटी नीट विचारून घ्या. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि नियम बदलत राहतात, उडवण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघायचंच.

बेळगाव शहरात उडवता येतो का?

शहराचा मोह सोडलेला बरा. पूर्वेला सांबरा विमानतळ आहे, तिथेच हवाई दलाचं केंद्र आहे. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आणि कॅम्पचा सगळा लष्करी भाग आहे, किल्लाही त्याच बाजूला. लष्करी जागेचा वरून फोटो काढणं हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असलं की बंदोबस्त आणखी कडक होतो. पोलीस एखाद्या भागाला एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल विभाग, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला मनाई असलेला भाग, ठरवू शकतात.

सरकारच्या हवाई नकाशावर लाल, पिवळा आणि हिरवा असे विभाग दिसतात. हिरव्या विभागात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. त्याहून जवळ असाल तर नकाशा बघितल्याशिवाय ड्रोनची पेटी उघडूही नका.

मग उडवावा कुठे? काय टिपण्यासारखं आहे?

पुष्कळ आहे, आणि नेहमीच्या चार धबधब्यांपलीकडचं आहे. या जिल्ह्याची खरी गोष्ट मातीत आहे. पश्चिमेला खानापूर, बेळगाव भागात जांभा दगड, तांबडी माती, भात आणि दाट झाडी. पूर्वेला अथणी, सौंदत्तीकडे काळी रानं, ज्वारी आणि हरभरा. मध्ये हुक्केरी, चिकोडीला नदीकाठचा ऊस. एकाच जिल्ह्यात एवढा फरक जमिनीवरून चालताना लक्षात येत नाही, वरून सरळ खाली बघितलं की डोळ्यात भरतो. तांबडीतून काळीत जाताना वाटेवरच्या गावांचे फोटो एकामागोमाग एक लावले तर ती मालिका कुठल्याही व्यासपीठावर लोक थांबून बघतील.

खानापूरच्या बाजूला जून-जुलैत चिखलणी आणि रोप लावणी चालते. पाण्यानं भरलेल्या खाचरांत आकाश उतरतं आणि बांधांच्या काळ्या रेघा उमटतात. पाऊस थांबल्यावरच्या पहिल्या तासात पोलरायझर फिल्टर लावून एक आणि न लावता एक असे दोन्ही फोटो घ्या. फिल्टरनं पाण्याची चमक जाते, आणि इथे कधीकधी ती चमकच हवी असते. खानापूरच्या कौलांच्या आणि विटांच्या भट्ट्या, निपाणीकडे वाळत घातलेली तंबाखू, हिवाळ्यात उसाच्या फडात चाललेली तोड आणि गुऱ्हाळाचा धूर, यांत जो रंग आणि आकार आहे तो धबधब्यात नाही.

उन्हाळ्यात हिडकल धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर उघडं पडतं. वरून काढलेल्या फोटोत ओल्या गाळाच्या कडा मंदिराभोवती वर्तुळं काढतात. तिथे जाताना धरणाची भिंत, दरवाजे, वीजघर यांच्या जवळ ड्रोन न्यायचा नाही. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा आहे, पावसाळ्यात त्याचे तुषार आणि उलटसुलट वारा छोट्या ड्रोनला पेलत नाही, शिवाय झुलत्या पुलावर गर्दी असते. तिथे स्थानिक पोलिसांना विचारून आणि दूर राहूनच. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर कदंबांच्या काळाची साक्ष देतं. अशा संरक्षित वास्तूंवर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही. गावाच्या शिवारातून, परिघाबाहेरून, गावाचाच फोटो घ्या. तोही सुंदर येतो.

वाऱ्याचं एक सांगायला हवं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरदार असतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे बॅटरी उतरल्यावर परत येताना वारा पाठीशी राहतो. घारी असतील तर लगेच खाली उतरवा.

चोर्ला घाट आणि भीमगडचं जंगल?

भीमगड २०११ साली वन्यजीव अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी शिरायलाही वन खात्याची परवानगी लागते, ड्रोनची तर लागणारच. बारापेडे गुहांमध्ये रॉटनची मुक्तपुच्छ वटवाघळं राहतात. हा जीव जगात फार थोड्या ठिकाणी सापडतो. तिथे पंख्यांचा आवाज नेऊच नये. परवानगी मिळत असली तरी मी नेणार नाही.

चोर्ल्यासारख्या घाटमाथ्यावर एक तांत्रिक धोकाही आहे. रिमोटवर दिसणारी उंची जिथून ड्रोन उडवला तिथून मोजलेली असते. कड्यावरून दरीकडे सरळ पुढे गेलात तर पडद्यावर ५० मीटर दिसतात आणि खालची जमीन काही शे मीटर खोल गेलेली असते. नियमातले १२० मीटर जमिनीपासूनचे आहेत. शिवाय पलीकडे गोव्याची हद्द लागते आणि तिथल्या पोलिसांचे आदेश वेगळे असू शकतात.

फोटोतून नेमकं ठिकाण कळतं का?

कळतं. ड्रोनच्या मूळ फोटोत अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ लिहिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. फ्लिकरवर सेटिंग बघून घ्या. घरट्यांची, गुहांची, एकाकी फार्महाऊसची आणि स्वतःच्या घराचीही अचूक जागा उघड करू नये. तालुका लिहिला की पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोचं वाटोळं होतं. उपाय?

‘एचडी’ पर्याय निवडा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि त्याआधी ठिकाणाची माहिती काढून टाका. मोठ्या फाइली टेलिग्रामवरही जातात.

गावकऱ्यांची परवानगी घ्यायची का? शेत तर उघडंच असतं.

घ्यायचीच. उडवण्याआधी देवळाच्या पारावर बसलेल्या काकांना, शेतात असलेल्या वहिनींना सांगा, रिमोटवर चित्र दाखवा. ‘आमचं तळं वरनं असं दिसतंय होय!’ असं एकदा कुणी म्हणालं की पुढचं सगळं सोपं होतं. मग तेच सांगतात, सकाळी त्या टेकाडावरून काढ, ऊन बरोबर तळ्यावर पडतं. घरी आल्यावर त्यांना फोटो पाठवायचा. शक्य असेल तर एक प्रिंट काढून न्यायची. मला विचाराल तर फोटो दाखवायला सुरुवात इथूनच व्हावी.

न सांगता उडवलात तर लोक घाबरतात, आणि त्यांचं चुकतही नाही. २०२४ साली मराठवाड्यात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळे चोरांच्या अफवा गावोगाव पसरल्या, लोक रात्रभर जागून पहारा देत होते. तशी भीती आपल्याकडेही पटकन पसरू शकते. अंधारात गावावर उडवू नका.

नदीघाटावर धुणं धुणाऱ्या बायका, गच्चीवर बसलेलं कुटुंब, अंगणातली न्हाणी, यांच्यावर कॅमेरा जाताच कामा नये. खासगी क्षणी स्त्रीचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. असा फोटो ग्रुपात कुणी टाकला तर तो काढायला लावा आणि टाकणाऱ्याला बाहेर काढा, मित्र असला तरी.

शिवजयंतीचे चित्ररथ, गणपती, यात्रा, यांचे वरून फोटो?

माणसांच्या डोक्यावर उडवू नका. एक पंखा तुटला, एक पतंगाचा मांजा अडकला की ड्रोन सरळ गर्दीत येतो. मंडळाकडून आणि पोलिसांकडून लेखी परवानगी असेल तर ते काम अनुभवी माणसाचं. बेळगावच्या चित्ररथ मिरवणुकीचा उत्तम फोटो ओळखीच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरून, हातातल्या कॅमेऱ्यानं निघतो.

पूर आला की सगळे ड्रोन उडवतात. आपणही टाकावं का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या सगळ्या नद्यांनी जिल्ह्याला वेढलं होतं. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं. तेव्हाचे व्हिडिओ नंतरच्या पावसाळ्यांतही ‘आत्ताचे’ म्हणून फिरत राहतात. बाहेरगावी असलेल्या मुलाला तो व्हिडिओ आला की तो आईला फोन करकरून हैराण होतो. म्हणून पुराच्या प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ आणि गाव छापूनच टाका, नुसतं वर्णनात लिहून भागत नाही, फॉरवर्ड होताना वर्णन गळतं. बचावकार्य किंवा हेलिकॉप्टर चालू असेल तिथे ड्रोन वर न्यायचा नाही. प्रशासनानं मागितले तर फोटो लगेच द्या. पाणी कुठपर्यंत आलं होतं याची ती नोंद पुढे फार उपयोगी पडते.

माझा फोटो एका पेजनं नाव न देता वापरला. काय करता येईल?

फोटो काढणाऱ्याकडे हक्क आपोआप असतो, नोंदणी लागत नाही, आणि तो त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आधी सभ्यपणे मेसेज करा, पुष्कळ जण नाव घालतात. नाहीच ऐकलं तर इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म असतो. मूळ फाइल जपून ठेवा, तोच पुरावा. सार्वजनिक ठिकाणी २,००० पिक्सेलपेक्षा मोठी प्रत टाकायची गरज नसते.

लोक फक्त ‘मस्त’ लिहितात. खरा अभिप्राय कसा मिळवावा?

एक नेमका प्रश्न विचारा. ‘डावीकडची वीजतार खटकते का? आणखी खाली यायला हवं होतं का?’ एकाच जागेचे दोन फोटो टाकून कुठला ठेवू असं विचारलं तर लोक मनापासून उत्तर देतात. आणि दुसऱ्यांच्या फोटोंवर तुम्ही स्वतः तसं लिहा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग न बदललेली मूळ फाइल, ठेवली असेल तर ती ग्रुपातल्या दोघांना द्या आणि प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं रंग ठीक करून दाखवावा. खानापूरची तांबडी माती एकाच्या हातात नारिंगी होते, दुसऱ्याच्या हातात तपकिरी, आणि त्यावर जी चर्चा होते त्यातून सगळेच शिकतात.

माझ्याकडे ड्रोन नाही. ग्रुपात आलो तर चालेल?

या. तुम्हाला शिवारांची नावं, जुने ओढे, बुजलेल्या विहिरी, पाडलेल्या वाड्यांच्या जागा ठाऊक असतील तर उडवणाऱ्यांपेक्षा तुमची गरज जास्त आहे. फोटो आला की त्यात जे जे ओळखता ते लिहून पाठवा, लिहिणं जमत नसेल तर व्हॉइस मेसेज करा. ग्रुपातला कुणीतरी ते फोटोच्या वर्णनात उतरवून घेईल.